गावच्या भातशेतीला छोटा फोर व्हील ट्रॅक्टर की 45 एचपी? ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा

भांडुपचा_महाडकर
नमस्कार मंडळी. मी भांडुपला असतो, गाव महाड तालुक्यात, शेती भाताची, खाचरं लहान आणि बांधाला बांध लागून, वरच्या अंगाला थोडी वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन. आतापर्यंत भाड्याचा ट्रॅक्टर बोलवायचो पण चिखलणीला (लावणीआधी खाचरात चिखल करायला) सगळ्या गावाची एकदमच घाई, आपला नंबर लागेपर्यंत रोपं जून होतात, म्हणून बाबांनी आता स्वतःचा घ्यायचं मनावर घेतलंय. शोरूमवाला म्हणतो 45 एचपीचा टू व्हील (इंजिनाची ओढ फक्त मागच्या चाकांना) घ्या, कुठलंच काम अडणार नाही. पुतण्याला मात्र 24-27 एचपीचा छोटा फोर व्हील (ओढ चारही चाकांना) पाहिजे. चालवणार तो, हप्ते भरणार मी, बाबांचं वय झालेलं, म्हणजे काही अडलं तर धावपळ करणारं तिथे दुसरं कोणी नाही. लिफ्ट किती किलो उचलते आणि गिअर किती ते सगळं ब्रोशरमध्ये वाचून झालंय. मला हे हवंय की दोन-तीन पावसाळे गेल्यावर काय होतं? चिखलात वळतो कसा, बिघडतं काय, पार्ट मिळतात का वेळेवर?

लालमाती_रोहा
दादा, पुतण्याचं ऐका. आमच्याकडे रोह्याला 24 एचपीचा फोर व्हील आहे, मी परळला असतो, भाऊ चालवतो, मी लावणीला आणि सणाला जातो तेव्हा बसतो त्यावर. 45 एचपीचा ट्रॅक्टर वजनाला जवळपास दोन टन भरतो, खाचरात खालचा घट्ट थर एकदा फुटला की तो पोटापर्यंत बसतो आणि मग काढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो. छोटा वजनाला निम्म्याच्याही आत असतो आणि पुढची चाकं स्वतः ओढतात त्यामुळे चिखलात स्टिअरिंग फिरवलं की तोंड खरंच वळतं, टू व्हीलचं तोंड नुसतं सरळ घसरत जातं. फक्त त्याला रोटाव्हेटरही (मागे लावायचं फिरत्या पात्यांचं अवजार) त्याच्या मापाचा लावा, साडेतीन-चार फुटी, पाच फुटी लावला की इंजिन दबतं आणि डिझेल जास्त पितं. आणि एक, डांबरी रस्त्यावर आला की दांडा ओढून फोर व्हील बंद करायचंच, नाहीतर पुढचे टायर खाऊन टाकतो आणि एक्सलवर ताण येतो.
बिघाडाचं विचाराल तर आमच्याकडे इंजिनने कधी त्रास दिला नाही, त्रास दिला पुढच्या एक्सलच्या ऑइल सीलने, म्हणजे ऑइल आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी रिंगने. चिखलणी झाली की पाणी आत शिरतं. इंजिन सोडून बाकी काही बघायचं असतं हे कोणी सांगतच नाही.

नदीकाठचा_ऊसवाला
माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे, आमची शेती इंदापूरला, ऊस, मी वाशीला नोकरीला. 55 एचपी सीआरडीआय (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजेक्शनचा) ट्रॅक्टर आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-4 हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागला, त्यामुळे त्या वर्गात आता कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं आलंय. चालवायला एक नंबर, आवाज कमी, कमी आरपीएमला पण ओढ सोडत नाही, उसाची ट्रॉली भरून चढावर निघालं तरी गिअर सारखा पाडावा लागत नाही. पण एकदा ऐन तोडणीत दिवा लागला, इंजिनाने ताकदच सोडली, गावचा फिटर टोपण उघडून बघत बसला, त्याच्याकडे लॅपटॉप नाही, काय करणार बिचारा. कारण शेवटी डिझेलमधलं पाणी निघालं. कंपनीचा माणूस येईपर्यंत ट्रॉली शेतातच. म्हणून सांगतो, तुमचं काम 50 च्या आत भागतंय तर तिथेच रहा, त्यात बहुतेकांना साधा पंप असतो, डिझेलच्या नळीत हवा शिरली तर पुतण्या पान्याने स्वतः काढेल. आणि डिझेल कॅनमधून ओतताना जाळी लावायचीच, कुठलाही ट्रॅक्टर असो.

कांदिवली_बी275
माझे वडील कांदिवलीच्या महिंद्राच्या कारखान्यात होते, महिंद्राने 1963 ला इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीशी भागीदारी केली, त्यातून जे बी-275 ट्रॅक्टर निघाले त्यातला एक आमच्या गावी अजून उभा आहे आणि नांगराला चालतो. त्यामुळे टिकाऊपणाबद्दल मला मनापासून बोलावंसं वाटतं. लोक कंपनी कंपनी करतात पण ट्रॅक्टर टिकतो तो डीलर आणि फिटर किती जवळ आहे त्यावर. आधी महाड-माणगावला कोणाचा सर्व्हिस सेंटर आहे, त्याच्याकडे सील, फिल्टर, क्लच प्लेट शेल्फवर आहेत का ते जून महिन्यात जाऊन बघा, मग मॉडेल ठरवा. 20 ते 40 एचपीत आता पर्याय चांगले आहेत, महिंद्राची ओजा 2023 ला आली ती सगळी फोर व्हीलच आहे, कुबोटाचा बी-2441 द्राक्षबागेत लोक आवडीने वापरतात, दोन्ही स्वतः चालवून बघा, तेही चिखलात.
तुमच्यासारख्यांची खरी अडचण वेगळी आहे, ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहतो. कोकणातल्या दमटपणात क्लच प्लेट चिकटते, मग गिअर पडत नाही. उभा करताना क्लच दाबून लाकडाचा तुकडा अडकवून ठेवायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, डिझेलची टाकी भरून ठेवायची म्हणजे आत पाणी धरत नाही. आणि उंदीर! वायरिंग कुरतडली की चालू गाडी बंद पडते, भाताच्या कणग्या असतात त्या खोलीत ट्रॅक्टर ठेवू नका.

लालमाती_रोहा
हे क्लचचं शंभर टक्के खरं. भर घालतो, पुतण्याला नीट सांगा, फसला की मागच्या चाकाखाली ओंडका घालून पुढे जोर मारायचा नाही. चाक अडकतं आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठून तो मागे उलटतो, चालवणाऱ्याच्या अंगावर येतो, आमच्या बाजूच्या गावात झालंय, जीव गेला. रोटाव्हेटर उचलायचा आणि रिव्हर्सने हळू काढायचा, नाही निघाला तर ओढून काढायला दुसरा बोलवायचा. बांध ओलांडताना सरळ काटकोनात, तिरका नाही. आणि रोडवर दोन्ही ब्रेकचे पेडल जोडणारी पट्टी लावलेली पाहिजे, सुटे राहिले आणि एकच दाबला तर गाडी एका बाजूला फेकते. उतारावर ट्रॉली असेल तर न्यूट्रल अजिबात नाही.

भांडुपचा_महाडकर
खूप मदत झाली, खरंच. ब्रेकच्या पट्टीचं आणि ओंडक्याचं मी आजच पुतण्याला फोन करून सांगितलं, त्याला पट्टीबद्दल माहितीच नव्हतं. छोटा फोर व्हील पक्का. किंमतीचंही बरं झालंय, 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, पार्ट आणि टायरचाही कमी झालाय. एकच विचारतो, ते पुढच्या एक्सलमध्ये पाणी गेलंय हे कळतं कसं, गाडी खोलायला लागते का?

लालमाती_रोहा
खोलायला नाही लागत. चिखलणी संपली की ट्रॅक्टर रात्रभर उभा राहू द्या, सकाळी पुढच्या चाकाच्या हबचा (चाकाचा मधला भाग) खालचा बोल्ट थोडा सैल करा, आधी पाणी आलं किंवा ऑइल पांढरट आलं की समजायचं सील गेलंय. सगळं ऑइल काढून टाका, सील बदला, मग नवीन भरा. नुसतं ऑइल बदललं तर परत तेच. ऑइल कुठल्या नंबरचं लागतं ते पुस्तकात दिलेलं असतं. घ्यायच्या वेळीच दोन सील जास्तीचे घेऊन बाबांकडे ठेवा, जुलैमध्ये दुकानात मिळेलच असं नाही.