गुलमर्गला गोंडोला (रोपवे) फेज २ च्या वर स्की करायचंय, अव्हलांचचा (हिमस्खलनाचा) धोका कसा ओळखायचा?

नाशिकचा_भटक्या
फेब्रुवारीत आम्ही चौघं गुलमर्गला चाललोय, सगळ्यांचा बेसिक स्की कोर्स झालाय, आता गोंडोलाने अफरवटला जाऊन स्की पॅट्रोलच्या (उतार तपासून उघडणारी टीम) दोरीबाहेरचा उतार करायचा विचार आहे. ओळखीचा एकजण म्हणतो बर्फ पडल्यावर दोन दिवस कडक ऊन पडलं की काही होत नाही. खरंय का? आणि "बारामुल्ला, मध्यम धोका" असा इशारा आला तर जायला हरकत नाही ना?

बर्फातला_बाळ्या
अर्धंच खरंय. ताजा बर्फ बसतो दोन दिवसांत, पण घोळ खालच्या थरात असतो. चिल्लई कलानमध्ये (काश्मीरचा सगळ्यात कडक थंडीचा काळ, 21 डिसेंबरपासून 40 दिवस) बर्फ कमी पडला आणि आभाळ मोकळं राहिलं की जमिनीलगत शून्याच्या आसपास आणि वर कडाक्याची थंडी, या फरकामुळे पातळ बर्फातून वाफ वर सरकत राहते आणि खालचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात, मुठीत दाबलं तरी गोळा होत नाही. त्यावर पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ) आला, तीन-चार फूट बर्फ पडला, वाऱ्याने तो दाबला की झाली लादी तयार, आणि तीच अख्खी सुटते. 2024 ला जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठणठणीत होतं, मग फेब्रुवारीत दणकून पडला आणि 22 तारखेला खिलनमर्गला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. असा सीझन दिसला की मी उत्तरेकडचे तीव्र उतार सोडूनच देतो, तिथे ऊन लागत नाही त्यामुळे कच्चा थर आठवडेच्या आठवडे तसाच पडून असतो.

सुमेधा_ठाणे
इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो हो, तुमच्या उताराचा नाही! मध्यम म्हणजे लादी आपोआप कदाचित नाही येणार, पण तुमच्या वजनाने सुटू शकते, आणि सापडणारे बहुतेक लोक स्वतः किंवा सोबत्यानेच सोडलेल्या लादीत सापडतात. मोबाईलच्या अ‍ॅपवर उतार मोजा, 30 ते 45 अंश म्हणजे नेमका धोक्याचा पट्टा, आणि दुर्दैवाने स्कीला मजाही तिथेच येते. पायाखाली "धप्प" असा आवाज होऊन बर्फ खचला किंवा स्कीपुढे तडे पळाले तर मागे फिरायचं, चर्चा नाही. अरुंद नाळेत तर थांबूच नका, थोडासा बर्फ आला तरी खोल गाडले जाता. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटच्या हापतखुडला दोन पोलिश स्कीअर गेले, तेव्हा बाहेरून आलेल्यांना येतं सगळं असं समजू नका.

बर्फातला_बाळ्या
+१. आणि बेसिक कोर्सवर दोरीबाहेर? स्पष्ट बोलतो, राग मानू नका, या वर्षी पॅट्रोलने उघडलेल्या बाऊलमध्येच (वाटीसारख्या उतारावरच) स्की करा.

नाशिकचा_भटक्या
राग कसला. पण लोकल गाईड आणि बीकन (गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र) घेतलं तर?

सुमेधा_ठाणे
बीकन एकट्याने काही करत नाही, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडंही प्रत्येकाकडे हवं, भाड्याने तिथे मिळतं. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तर वाचायची शक्यता चांगली, अर्ध्या तासानंतर फार कमी, म्हणजे रेस्क्यू टीम येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, काढायचं तुम्हीच. त्यामुळे आदल्या दिवशी बॅग पुरून शोधायची प्रॅक्टिस करा. मोबाईल बीकनपासून लांब ठेवा, सिग्नल गंडतो. आणि धोक्याचा उतार एकेकाने उतरायचा, बाकीचे कडेला सुरक्षित जागी, नजर त्याच्यावर. गाईडने खड्डा खणून थर दाखवायला टाळाटाळ केली तर गाईड बदला.