तुम्ही कितव्या भागावर आहात?

काल जेवणाच्या सुट्टीत एकीने मालिकेचा विषय काढला आणि तिघींनी कानांवर हात ठेवले. "थांब, मी चौथ्याच भागावर आहे!" विषय तिथेच मिटला. मला एकदम जुने दिवस आठवले. रात्री भाग संपला की सकाळी सगळ्यांच्या तोंडी तेच, पुढे काय होणार यावर आठवडाभर वाद. अंदाज चुकले तरी सगळ्यांचे मिळून चुकायचे. तुमच्याकडे आता कसं आहे? लिहा ना.

---

अगदी! १ फेब्रुवारी २०१३ला नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्स'चे १३ भाग एकदम आणले, तेव्हा केवढा आनंद झालेला. आता एका रात्रीत संपवते आणि बोलायला कुणी भेटेपर्यंत कुठल्या भागात काय घडलं तेच आठवत नाही. आठवड्याला एक भागच बरा.

---

त्यातही सुटका नाही हो. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवट, मे २०१९. ट्विटरवर सगळ्या पात्रांची नावं म्यूट केली होती. यूट्यूब उघडलं तर व्हिडिओच्या चित्रावरच सगळं! आठ वर्षं बघितलेली मालिका. अजून राग येतो.

---

मी न् ताई फोनवर "एक, दोन, तीन" म्हणून एकत्र सुरू करतो, २०२०पासून. तिचं नेट अडकतं, मग माझं "अगं बाई!" आधी पोचतं आणि प्रसंग नंतर. हल्ली मी तोंडावर हात ठेवून बसते.

---

मॅचचं तेच. स्ट्रीमिंग टीव्हीच्या मागे चालतं. ग्रुपवर "गोल!!!" आला की आपल्याला अजून दिसायचाय. फोन पालथा ठेवतो.

---

माझा अनुभव वेगळा. आईची मालिका घरात कुणीच बघत नाही. तिला ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं जमत नाही. ती प्रोमोखालच्या कॉमेंट वाचायला लागली, मग एका बोटाने लिहायला. मध्ये तापामुळे दोन दिवस लिहिलं नाही, तर तिथल्या दोघींनी विचारलं, "काकू, बऱ्या आहात ना?" मला रडूच आलं. आज मालिकेत काय झालं, हे आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.

---

काकूंना नमस्कार सांगा. सबटायटल लावून दिलीत का? सेटिंगमध्ये अक्षरं मोठी होतात.

---

हो, दिलीत. टीव्हीचा आवाजही कमी झाला.

---

काकूंचं वाचून आज सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांची मालिका केव्हाच पुढे गेलेली, मला काही कळेना. मग त्यांनी पहिल्या भागापासून सांगायला घेतलं. तासभर झाला, अजून सांगताहेत.