बागेत बांधून टाकलेली कुत्री: पुण्याच्या फ्लॅटात द्यावी की गावातच ठेवावी?

पडवीतली:
आमचं घर देवगडच्या बाजूला. मृग लागून चार दिवस झाले होते, पाऊस धो धो, आणि वरच्या कलमांच्या बागेतून सारखा केकाटण्याचा आवाज येत होता म्हणून गेलो तर मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपीच्या, खांबाला ही कुत्री बांधलेली. आंब्याचा सीझन संपला, राखणदार आपापल्या गावी गेले आणि वानरं हाकलायला ठेवलेली ही तशीच राहिली. दोरी पिल्लू असताना बांधलेली असणार, मान वाढली आणि दोरी तेवढीच, मांसात इतकी रुतलेली की कात्रीचं टोक घालायला जागा नव्हती. डॉक्टरांनी भूल देऊन काढली.

दोन महिने झाले. जखम भरली, रेबीजचं इंजेक्शन झालं, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशनही झालं. तांबूस रंगाची म्हणून आम्ही तिला तांबी म्हणतो. पण अजून मी नुसती केरसुणी उचलली तरी ती जमिनीला चिकटते आणि जागेवरच मुतते. कुणी बघत असेल तर भाताला तोंड लावत नाही.

आमच्याकडे आधीच तीन कुत्रे, सासूबाईंना दमा, त्यामुळे ठेवून घेता येत नाही. पुण्याचं एक कुटुंब फोटो बघून तयार आहे, तिसरा मजला, दोघं नोकरीवाले, एक शाळेतली मुलगी. आणि खालच्या वाडीतल्या एक काकी, एकट्या असतात, त्या म्हणतात मला दे. माझं मन काकींकडे आहे, कारण ह्या कुत्रीला दिवसभर घरात माणूस हवं. तुम्हाला काय वाटतं?

मुळामुठेकाठी:
पुण्याला द्या. गावातलं प्रेम म्हणजे शिळा भात आणि खळ्यातली झोप, हे मी माझ्याच आजोळी बघितलंय. गेल्या वर्षी दारापासून दहा पावलांवरून आमचा मोती बिबट्याने नेला, सकाळी नुसती साखळी. फ्लॅटमध्ये निदान रात्री दार बंद असतं, आणि आजारी पडली तर डॉक्टर जवळ.

खाडीपलीकडचो:
मी म्हणतंय काकीकच देवा. जल्मभर उघड्यार ऱ्हवलेली ती, तिका लिफ्टीत नि हॉर्नांच्या आवाजात खय धाडतास? काकी आपल्या पेजेतली वायंच तिका घालतली, दोगांकय सोबत. रात्री पडवेचा दार लावूक सांगा, झाला.

मुळामुठेकाठी:
आणि काकी पावसाळ्यात मुलाकडे मुंबईला गेल्या तर? किंवा पडल्या-झडल्या तर? तेव्हा परत ती खांबालाच ना. हा प्रश्न आधी विचारा, मग प्रेमाचं बोलू.

कलमवाला:
मी स्वतः बागायतदार आहे. वानरं एका सकाळी झाडाखाली सडा पाडतात, कुत्र्याशिवाय बाग राखता येत नाही हे खरं आहे. पण माझे दोन्ही कुत्रे मे अखेर माझ्याबरोबर घरी येतात, पावसाळाभर पडवीत असतात. ज्याने हिला टाकलं त्याची मला लाज वाटते. तांबीला मला द्या असं म्हणणार होतो, पण बाग, काठी, राखणदाराचं ओरडणं हे सगळं तिला परत नको, म्हणून मागत नाही. आणि तक्रार केलीत का? १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्यात अपुऱ्या दोरीने बांधून ठेवणं हा गुन्हाच आहे, कलम ११. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये एवढाच, तरी कागदावर नाव यायला हवं.

शांतपणे:
एक शंका, नसबंदी झालेला कुत्रा जिथून आणला तिथेच सोडायचा असा नियम आहे ना? मग पुणे कसं चालेल?

कलमवाला:
तो २०२३ चा नियम रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी. ही पाळलेली होती, तिला घर शोधून देण्यात काहीच अडचण नाही.

आठवड्याचा बाजार:
मला दोन्हीकडे घाई दिसते. फोटो बघून हो म्हणणारे लोक चांगलेच असतात, पण फोटोत ती मुतत नसते. मे महिन्यात पोरांना खेळायला पिल्लू आणायचं आणि शाळा सुरू झाली की सोडायचं हे आमच्या नाक्यावर दरवर्षी होतं. पुण्याच्या लोकांना इथे दोन दिवस येऊन राहू दे. आणि न्यायचीच ठरली तर रेल्वेच्या ब्रेकव्हॅनच्या पेटीत घालून अजिबात पाठवू नका, गाडीने, आपल्या माणसाच्या पायाशी बसवून फोंडाघाटातून न्या.

पडवीतली:
सगळं वाचलं. मुंबईचा प्रश्न आज काकींना विचारला, त्या खरं बोलल्या, गणपतीनंतर दरवर्षी दोन महिने त्या मुलाकडे असतात आणि कुत्री तिथे चालणार नाही. मला आधी सुचायला हवं होतं. पण ते दोन महिने तांबी आमच्या पडवीत येऊ शकते, जागा ओळखीची आहे, माणसं ओळखीची आहेत, तेवढं सासूबाईंनाही चालेल. त्यामुळे माझं मत अजून बदललेलं नाही. तरी पुणेकरांना नाही म्हटलेलं नाही, शनिवारी येतायत, शेजारी राहायची सोय केलीय. मुलीला सांगितलंय की हात वरून आणायचा नाही, खाली बसायचं आणि तळहातावर बांगड्याचा तुकडा ठेवून दुसरीकडे बघायचं. माझ्या हातून तिने पहिला तुकडा घेतला त्याला एकवीस दिवस लागले होते. तक्रारीचा कागद उद्या देते.