पेन्शनचा जिल्हावार प्रश्न: ‘माहिती गोळा केली जात आहे’ असंच उत्तर का येतं?

मसुदाकार: राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमावर, म्हणजे केंद्राच्या पेन्शन योजनांवर, लोकसभेत अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा) प्रश्न द्यायचा आहे. महाराष्ट्रात 5 वर्षांत जिल्हावार किती अर्ज आले, किती नामंजूर झाले आणि कशामुळे? अशा प्रश्नांच्या उत्तरांवर सरकारचा फार खर्च होतो, म्हणून ते कमी विचारावेत, असं म्हणतात. कितपत खरं?

पटलावर (संसदीय कामकाज जाणणारे): खर्च होतो तो हातानं आकडे मोजून गोळा करण्यावर. केंद्राकडे असतो राज्यवार निधी आणि लाभार्थी संख्या. नामंजूर अर्ज तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत, नामंजुरीचं कारण अर्ज तपासणाऱ्या समितीच्या इतिवृत्तात. म्हणजे पत्र दिल्लीहून राज्याच्या सामाजिक न्याय विभागाकडे, तिथून 36 जिल्हे, 358 तालुके, आणि त्याच वाटेनं परत. नोटीस किमान 15 पूर्ण दिवसांची. त्यातच मंत्र्यांची मंजुरी आणि हिंदी-इंग्रजी दोन्ही प्रती. शिवाय दिवसाला 230 अतारांकित प्रश्न यादीत असतात. एका तालुक्याचा तक्ता अडला की राज्याची बेरीज अडते.

तालुका (तहसीलचं कामकाज जाणणारे): मग दिल्लीला तेच विचारा जे दिल्लीच्या दप्तरात आहे: राज्याला किती निधी मंजूर, किती दिला, किती उपयोगिता प्रमाणपत्रं (निधी खर्च झाल्याचे दाखले) बाकी. वृद्धांच्या पेन्शनमध्ये 60 ते 79 वयाला केंद्राचा वाटा दरमहा 200 रुपये, 80 नंतर 500. तो वाढवण्याचा प्रस्ताव आहे का, हेही घाला. मर्यादा 150 शब्दांची आहे. नामंजुरीचा भाग आमदारांमार्फत विधानसभेत न्या, किंवा तहसीलला माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये. ‘फार मनुष्यबळ लागेल’ म्हणून नकार दिला तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 7(9) दाखवा: त्यानं माहितीचं स्वरूप बदलता येतं, माहिती नाकारता येत नाही.

पटलावर: बरोबर. पण खर्चाचं कारण देऊन प्रश्नच कमी करा, हे मला अजिबात मान्य नाही. ब्रिटनमध्ये लेखी उत्तराचा खर्च 850 पौंडांवर जाणार असेल तर खातं माहिती नाकारू शकतं. निदान आकडा तरी ठरलेला आहे. आपल्याकडे ‘श्रम आणि वेळ फलिताच्या प्रमाणात नाहीत’ एवढ्या वाक्यावर भागतं. तालुक्यानं दरमहा मंजूर-नामंजूरचा तक्ता संकेतस्थळावर टाकला तर ही मोजणी दर अधिवेशनाला नव्यानं करावी लागणार नाही. पेन्शन का नाकारली, हे त्या म्हातारीलाही कळायला हवं.

मसुदाकार: आणि ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं आलंच तर?

तालुका: ते आश्वासन धरलं जातं. मुदत 3 महिने. उत्तराची तारीख आणि प्रश्न क्रमांक टिपून ठेवा. मुदत उलटली की खासदारांच्या सहीनं शासकीय आश्वासन समितीला पत्र द्या.