माणूस गेल्यावर फाइल उघडायची की नाही?

नीलमनगरची लेक: परवा इथे एकांनी लिहिलं, ‘माणूस गेला की त्याच्या फायली उकरू नयेत, दुःखाला कुणीतरी दोषी लागतोच.’ वाचून डोकं तडकलं. माझे वडील यंत्रमागावर उभे राहून म्हातारे झाले. धाप लागली की डॉक्टर म्हणायचे, सुताची धूळ, दमाच असणार. पंप दिला. पण आडवं झालं की ते गुदमरायचे, मध्यरात्री उठून खिडकीशी बसायचे. नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कुणी सांगितलाच नाही. ‘हार्ट फेल्युअर’, म्हणजे हृदय कमी पडणं, हे वाचलं ते शेवटच्या दवाखान्याच्या कागदावर. मग फाइल उघडू नको तर काय करू?

होटगी रोडचा डॉक्टर: झाल्यावर सगळ्यांनाच कळतं, ताई. धाप आणि रात्रीचा खोकला दमा आणि हार्ट फेल्युअर, दोन्ही आजारांत असतो. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो इकोतला आकडा, ५० च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं. निदान चुकलं म्हणजे हलगर्जीपणा झाला असं नाही. जेकब मॅथ्यू या डॉक्टरवरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच हे स्पष्ट केलंय.

सातरस्ता: मी त्या पोस्टच्या बाजूने. सासूबाईंची फाइल आमच्या ह्यांनी उशाशी ठेवली होती. झोप गेली, माणूस काही आलं नाही.

अशोकचौक: कोर्ट राहू द्या, धुळीचं बोला! भावाचं नाव हजेरीवरच नव्हतं, मग ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड कुठलं? मागवाल्याची छाती तपासतो कोण?

चादरवाला: आले कारखानदारावर! आमचे माग भंगारात चाललेत, ते दिसत नाही?

अशोकचौक: माग भंगारात गेले तर पैसे तरी येतात. भाऊ गेला त्याचे काय आले?

चादरवाला: तुमच्या भावाला मी मारलं का? तोंड सांभाळा.

नीलमनगरची लेक: दोघांनीही थांबा. इथे माझ्या वडलांचं चाललंय.

होटगी रोडचा डॉक्टर: पायाला सूज आणि आडवं पडल्यावर धाप, दोन्ही असताना इको किंवा एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी व्हायला हवी होती. एवढं मान्य. त्याने जीव वाचलाच असता, असं मात्र मी लिहिणार नाही.

नीलमनगरची लेक: नका लिहू. ते दाखल होते तेव्हा पायाची सूज कुणी कागदावर नोंदली होती का, एवढंच मला बघायचंय. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, हे मेडिकल कौन्सिलच्या डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत आहे. सोमवारी अर्ज देते. भांडायला जात नाही, पण कागद घेतल्याशिवाय उठणारही नाही.