फॉन्ट मिसिंग! तुमचा काय किस्सा?

माळ्यावरचा
काल माळा आवरताना 2004 ची सीडी सापडली. आमच्या मंडळाचा गणपतीचा अहवाल, कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधला. पुतण्याने उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर. म्हणतो, "काका, व्हायरस!" अरे बाबा, श्रीलिपीतला (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) मजकूर आहे, फॉन्ट नाहीये तुझ्याकडे.

तेव्हाही हेच झालेलं. शनिवार पेठेतला प्रेस, रात्रीचे साडेदहा, ऑपरेटर म्हणाला, "फॉन्ट आमच्याकडे आहे की." होता, पण जुना. सगळं नीट आलं, फक्त 'अध्यक्ष'मधल्या क्षच्या जागी चौकोन. उपाध्यक्ष, कोषाध्यक्ष, सगळेच चौकोनी. शेवटी स्कूटरवर कर्वेनगरला जाऊन फॉन्टची फाइल फ्लॉपीवर आणली. तुमचेही येऊ द्या.

चहाबाज
कंट्रोल क्यू मारून कर्व्ज करायचं ना काका, अक्षरांची चित्रंच होतात. फॉन्टची भानगडच संपली.

सौ_डीटीपी
केलं होतं हो. भाच्याची लग्नपत्रिका. मग आत्याबाई म्हणाल्या आजोबांच्या नावात 'कै.' राहिलं. कर्व्ज केलेल्या फाइलीत काय दुरुस्त करणार, कप्पाळ? मूळ फाइल त्यावरच सेव्ह झालेली. तेव्हापासून दोन फाइली ठेवते. कुकर झालाय, येते.

इनडिझाइनवाली
आमच्याकडे दिवाळी अंकाची इनडिझाइनमधली (पानं लावायचं सॉफ्टवेअर) फाइल आली, उघडली तर सगळा मजकूर गुलाबी पट्ट्यात, म्हणजे फॉन्ट गायब. पॅकेज (फाइल आणि फॉन्ट एका फोल्डरात) केलं का विचारलं तर "केलं". केलंच होतं! पण व्हॉट्सॲपवर फक्त इनडीडी, म्हणजे नुसती इनडिझाइनची फाइल पाठवली, शेजारचं डॉक्युमेंट फॉन्ट्सचं फोल्डर त्यांच्याकडेच. ते फाइलीशेजारी असलं की फॉन्ट आपोआप लागतात. अख्खं फोल्डर झिप करून पाठवा रे.

पेठकर
अप्पा बळवंत चौकात आता गाडी लावायला जागा मिळते का? सहज विचारतोय.

चहाबाज
नाही.

बोरू
युनिकोडात टाइप केलं की एवढं होत नाही. फॉन्ट गेला तरी क हा कच राहतो, फक्त वळण बदलतं. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर कचं चित्र बसवलेलं, फॉन्ट गेला की क गेला. पण इनडिझाइनमध्ये युनिकोड टाकलं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली तर फॉन्टला शिव्या देऊ नका, त्यातला भारतीय लिप्या नीट मांडणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा.

इनडिझाइनवाली
बोरू 🙏 दोन दिवस याच वेलांटीशी भांडतेय!

शाळामास्तर
वळण बदलतं म्हणजे थोडं का? माझ्या पीपीटीतले ल आणि श दुसऱ्याच्या लॅपटॉपवर हिंदी वळणाचे झाले. 2009 च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल, देठयुक्त श आलेत, म्हणून मुलांना तेच गिरवायला लावतो, आणि पडद्यावर हे! आता पीडीएफ करूनच नेतो.

सौ_डीटीपी
माळ्यावर आणखी काय सापडलं? आमच्याकडे पितळी सोऱ्या निघाला.

माळ्यावरचा
पितळी सोऱ्या टाकू नका, चकलीला तोच बरा.

आणि फॉन्ट मिळाला! एका जुन्या डीटीपीवाल्या मित्राकडे होता. अहवाल वाचला. 'वर्गणी येणे बाकी'च्या यादीत पहिलं नाव आमचंच. 51 रुपये.

पेठकर
तो फॉन्ट परत काढून टाका.