फॅन कॉइल युनिट सुरक्षितपणे बसवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. नेरुळमधील आमच्या इमारतीत सामाईक चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) थंड पाणी पाइपांतून प्रत्येक घरात येते. आईच्या खोलीतील जुने फॅन कॉइल युनिट (थंड पाण्याच्या नळ्यांवरून, म्हणजे कॉइलवरून, पंख्याने हवा फिरवून खोली गार करणारे यंत्र) काढून फॉल्स सीलिंगच्या आत नवे बसवायचे असून, तिचा पलंग नेमका त्याखाली असल्याने मला कामात घाई नको आहे.

कारागीर युनिट फॉल्स सीलिंगच्या चौकटीलाच टांगू म्हणतात. पाणी भरलेल्या कॉइलचे वजन आणि पंख्याची सततची कंपने लक्षात घेता ते स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) बसवून लोखंडी रॉडवरच टांगावे, असे माझे ठाम मत आहे. परंतु त्या जागी स्लॅबचे प्लास्टर सुटले आहे. तेथे फास्टनर पक्के धरतील की नाही, हे कसे तपासावे?

दुसरी अडचण निचऱ्याची आहे. पावसाळ्यातील दमट हवेमुळे कॉइलवर पुष्कळ पाणी जमते, आणि ड्रेन पाइपला दर मीटरला निदान १ सेंटिमीटर उतार द्यायचा तर मध्ये बीम आडवा येतो. अशा वेळी छोटा पंप लावणे योग्य ठरेल का? लावल्यास, तो बंद पडून कॉइलखालचा ट्रे भरू लागताच फ्लोट स्विचने (पाण्याची पातळी वाढली की चालणाऱ्या स्विचने) थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा, अशी जोडणी कोणी केली आहे का?

स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंगचे काम परवानाधारक वायरमन करणार आहेत. पाइपांवर इन्सुलेशन चढवण्यापूर्वी दाबचाचणी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. ती किती दाबावर व किती वेळ घ्यावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.